दोन सिमचा फोन: 'कोणत्या सिमवरून?' हे विचारावं की विचारू नये?

द्राक्षवेल

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी नाशिकमध्येच एका लहान कंपनीत ॲपचे स्क्रीन डिझाइन करते. सध्या द्राक्ष आणि टोमॅटोवाल्या शेतकऱ्यांसाठी एक ॲप चाललंय. त्यात व्यापारी, गाडीवाले, औषधाचे दुकानदार यांची यादी आणि प्रत्येकासमोर 'फोन लावा' असं बटण. दाबलं की फोन लागला पाहिजे, इतकं साधं. पण आमच्या बहुतेक शेतकऱ्यांच्या फोनमध्ये दोन सिम असतात आणि तिथेच घोडं पेंड खातंय.

घरचाच किस्सा सांगते. दिंडोरी तालुक्यात आमची बाग आहे. फेब्रुवारीत बाबा बागेत साखर तपासत उभे होते. मणी पिळून रसाचा थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून आकडा बघायचा. आकडा मनासारखा आला म्हणून त्यांनी तिथूनच व्यापाऱ्याला फोन लावला, 'उद्या तोड करा' सांगायला. हाताला रस. स्क्रीनवर खिडकी उघडली, एकाखाली एक दोन ओळी, दोन्हींत कंपनीचं नाव आणि बारीक १, २. चिकट अंगठा खालच्या ओळीवर पडला आणि फोन गेला घरच्या नंबरवरून. तो नंबर व्यापाऱ्याकडे सेव्ह नाही. सीझनमध्ये त्याला अनोळखी नंबरवरून ढीगभर फोन येतात, त्याने उचलला नाही. बाबांनी तीनदा लावला. तिन्ही वेळा तोच नंबर, कारण यादीतून परत लावला की फोन तेच सिम धरतो. बाबांना वाटलं, शेठ टाळतोय. ते रुसून बसले. दोन दिवसांनी शेठचाच फोन, "काका, तुमचा काही निरोपच नाही?" तोवर भाव किलोमागे चार रुपयांनी उतरलेला.

तर प्रश्न असा. बटण दाबल्यावर दर वेळी 'कोणत्या सिमवरून?' विचारावं, की ॲपने आपलं आपण ठरवून मोकळं व्हावं? ऑफिसात दोन तट पडलेत. साहेब म्हणतात, विचारलं की माणूस गोंधळतो. मी म्हणते, न विचारता लावला तर नंतर जास्त गोंधळतो. तुमच्या घरी, दुकानात, शेतात काय होतं ते सांगा. थिअरी नको, ती मला पाठ आहे.

शून्य_बॅलन्स

दुसरं सिम काढून टाका. धागा संपला. मिसळ खायला चला.

तर्रीबाज

@शून्य_बॅलन्स, बिल तू देणार असशील तर धागा संपवायला माझी हरकत नाही.

पंचवटी_पासधारक

काढून टाका म्हणणं सोपं आहे हो. पण दोन सिम आली कुठून ते आधी बघा.

मी आठ वर्षं पंचवटी एक्सप्रेसने नाशिकरोड ते मुंबई अप-डाउन केलं. तेव्हा नाशिक महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये (सर्कल म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग) आणि मुंबई सर्कल वेगळं, त्याची हद्द कल्याणपर्यंत. रोज सकाळी कल्याण जवळ आलं की डब्यातले सगळे फोन एका सुरात वाजायचे, रोमिंगमध्ये आपलं स्वागत. येणाऱ्या फोनलाही पैसे पडायचे. म्हणून एक नाशिकचं सिम आणि एक मुंबईचं. आधी दोन हँडसेट, एक शर्टाच्या खिशात, एक पँटच्या. गाडी चालू असताना बॅटरी काढून सिम बदलणारे महाभागही होते. एकाचं सिम सीटखाली पडलं तेव्हा अर्धा डबा वाकून शोधत होता, ते दृश्य अजून डोळ्यासमोर आहे.

मग दोन सिमचे चायना फोन आले. स्वस्त, आवाज वरातीसारखा. ३० नोव्हेंबर २००९ नंतर आयएमईआय नंबर, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक, नसलेले हँडसेट बंद झाले त्यात माझाही गेला. पुढच्या वर्षी नोकियाने सी१-०० काढला. त्यात दोन सिम बसायची पण एका वेळी एकच चालायचं. # ची कळ दाबून धरली की दुसरं जागं व्हायचं.

आता गंमत बघा. दोन वर्षं तो फोन वापरला, पण चुकीच्या सिमवरून फोन गेल्याचं मला आठवत नाही. कारण एकच सिम जिवंत, आणि ते मी स्वतःच्या अंगठ्याने जिवंत केलेलं. आताच्या फोनमध्ये दोन्ही कायम जागी, म्हणून कोण बोलतंय ते कळत नाही.

एमजीरोड_मेकॅनिक

ताई, मी एमजी रोडला मोबाइल रिपेअरिंग करतो. तुमच्या प्रश्नाचं गिऱ्हाईक माझ्याकडे दिवसाआड येतं.

तक्रार ठरलेली. "फोन लागत नाही हो, बोर्ड गेला का बघा." बोर्ड बिर्ड काही गेलेला नसतो. सेटिंगमध्ये कॉलसाठी कायमचं सिम ठरलेलं असतं आणि त्याच सिमचा रिचार्ज संपलेला असतो. पाच सेकंदांत सेटिंग बदलून देतो. पैसे घेत नाही, चहा घेतो.

पूर्वी सिम एकदा घेतलं की दोन-चार रुपये बॅलन्सवर पडून राहायचं, इनकमिंग चालू. २०१८ च्या शेवटी महिन्याचा कमीत कमी रिचार्ज आला आणि दोन सिम जिवंत ठेवणं महाग पडायला लागलं. त्यात महिना २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. मग लोक काय करतात? एकाला भारी पॅक मारतात, दुसरं नुसतं मरू देत नाहीत. म्हणजे फोनमध्ये दोन सिम दिसतात पण बोलणारं एकच. आणि तुमची खिडकी दोघांना सारखाच मान देते. एक जिवंत, एक आयसीयूमध्ये, आणि दोघांची नावं एकाच साइजमध्ये.

द्राक्षवेल

@पंचवटी_पासधारक, # ची कळ मी डिझाइनच्या वर्गात कधी ऐकली नव्हती. धन्यवाद.

@एमजीरोड_मेकॅनिक, आयसीयूवालं अगदी पटलं. पण कोणत्या सिमचा रिचार्ज संपलाय हे ॲपला कळतं का? कुणी अँड्रॉइडवालं आहे का इथे?

अंबडचा_कोडर

आहे. कळत नाही. रेंज आहे की नाही ते कळतं, पॅक आहे की नाही ते कंपनीच्या सर्व्हरला माहीत. कंपनीचे मेसेज वाचून ओळखता येईल, पण मेसेज वाचायची परवानगी गूगल प्ले अशा ॲपला सहजासहजी देत नाही, आणि देऊही नये.

आता मुद्द्याचं. तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. पहिला, बटण दाबलं की नुसता फोनचा डायलर उघडायचा, नंबर भरलेला. मग सिमचा प्रश्न फोन विचारेल, तुम्ही हात झटकायचे. परवानगी लागत नाही. दुसरा, तुमच्या ॲपनेच सिम निवडून थेट कॉल लावायचा. अँड्रॉइडमध्ये ते जमतं, पण फोन लावायची आणि फोनची स्थिती वाचायची अशा परवानग्या मागाव्या लागतात. ती परवानगीची खिडकी बघून निम्मे शेतकरी 'नको' दाबतील. आयफोनवर दुसरा रस्ता नाहीच, लाइन निवडायचा अधिकार ॲपला नसतो.

आणि सिम १, सिम २ ही खाचांची नावं आहेत, सिमची नव्हेत. अँड्रॉइडमध्ये दोन सिमची सोय मुळातूनच आली ती ५.१ पासून, २०१५ साली. त्याआधी प्रत्येक कंपनीने आपापली तऱ्हा चालवली होती. ५.१ पासून प्रत्येक सिमला फोन स्वतःचा एक क्रमांक देतो, खाच बदलली तरी तो त्या सिमबरोबर जातो. नवे पोरं खाचेचा नंबर आणि हा क्रमांक यात गल्लत करतात. एकदा मीही केली होती. गिऱ्हाइकाने सिम वरखाली केली आणि त्याच्या बायकोचे सगळे मेसेज ऑफिसच्या खात्यात दिसायला लागले.

शून्य_बॅलन्स

मग पुढे काय झालं? थिअरी नको, ही गोष्ट पूर्ण सांगा.

अंबडचा_कोडर

मी नोकरी बदलली.

निळी_शाई

मला कळत नाही एवढा घोळ कशाला. माझ्या आयफोनमध्ये एक साधं सिम, एक ई-सिम. ज्याला ज्या लाइनवरून शेवटचा फोन केला तीच लाइन त्याच्यासाठी धरली जाते. विचारत बसत नाही. साहेबांचं बरोबर आहे, माणसाला निर्णय करायला लावू नये.

आडगावचा_आबा

@निळी_शाई ताई, तुमचं ठीक आहे, तुमचे लोक ठरलेले. माझं ट्रान्सपोर्ट आहे. एकच पार्टी सकाळी भाड्यासाठी बोलते आणि संध्याकाळी पोरीच्या लग्नाचं आवतण द्यायला बोलते. भाड्याचं बोलणं मी धंद्याच्या नंबरवरून करतो, कारण तो नंबर रात्री पोरगा उचलतो. लग्नाचं बोलणं घरच्यावरून. शेवटचं सिम धरलं की माझा घोळ झालाच. धंद्याचा माणूस घरच्या नंबरवर रात्री साडेअकराला गाडी मागतो.

मला आवडायचं ते डायलरमध्ये दोन हिरवी बटणं शेजारी शेजारी. डावं घर, उजवं धंदा. एका दाबात काम. आधी हिरवं दाबा, मग खिडकी, मग परत दाबा, हे नको. गाडी चालवताना तर नकोच. (गाडी चालवताना फोन करत नाही, उगाच कुणी शिकवू नका.)

तर्रीबाज

शिकवत नाही आबा. फक्त कोणत्या सिमवरून करत नाही ते सांगा.

छपाईवाले_नाना

मी नाशिकरोडला प्रेसमध्ये तीस वर्षे नोकरी केली. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. द्राक्षवेल, माझे दोन आणे.

माझ्या फोनमध्ये एक सिम निळे आणि एक हिरवे दाखवतात. मोतीबिंदूचे ऑपरेशन होईपर्यंत मला दोन्ही करडी दिसत होती. ऑपरेशननंतर निळे फार सुंदर दिसते, पण ऊन असले की पुन्हा करडे. छपाईत आयुष्य गेले, एवढे शिकलो की नुसत्या रंगाच्या भरवशावर कोणतीही खूण ठेवू नये. आकार वेगळा करा, जागा वेगळी करा, अक्षर द्या, मग रंग द्या.

दुसरे म्हणजे, सगळे जण फोन लावण्याचे बोलत आहेत. येणाऱ्या फोनचे काय? मी पूर्वी बटणाचा साधा फोन वापरत होतो, त्यात दोन सिमना दोन वेगळ्या रिंगटोन होत्या. एकीवर सनई, एकीवर घंटा. सनई वाजली की मुलगी, घंटा वाजली की बाकी जग. आता मुलाने घेऊन दिलेल्या भारी फोनमध्ये ती सोय मला सापडली नाही. सगळे जग सनईवर येते.

एमजीरोड_मेकॅनिक

नाना, फोन घेऊन दुकानात या. काही कंपन्या देतात ती सोय, काही देत नाहीत. तुमच्यात असेल तर घंटा लावून देतो.

सुरगाण्याचे_सर

मी सुरगाणा तालुक्यात शाळेवर आहे. आमच्याकडे सिमचा प्रश्न वेगळाच, तो डोंगराचा आहे.

शाळेच्या व्हरांड्यात एका कंपनीची रेंज येते, तीही उत्तरेकडच्या खांबाशी. टेकडीवर आंब्याखाली दुसरीची येते. खाली ओढ्याकडे उतरलं की फोन गुजरातचा टॉवर पकडतो आणि गुजरातीत मेसेज येतो. म्हणून गावात प्रत्येकाकडे दोन सिम, हौस म्हणून नाही. फोन लावायच्या आधी आम्ही काय बघतो? कोणाची दांडी उभी आहे ते. घर, धंदा काही नाही. जे जिवंत ते आपलं.

आणि नेमकं तेच हल्ली दिसेनासं झालंय. माझ्या फोनवर दोन सिमच्या दांड्या जागा वाचवायला एकावर एक रचल्यात, मुंगीएवढ्या. पटावरची हजेरी ऑनलाइन भरायची असते तेव्हा मी चष्मा कपाळावर घेऊन फोन डोळ्याला लावतो. पोरं म्हणतात, सर फोनचा वास घेतात.

डेटा एका सिमवरून दुसऱ्यावर टाकायला सेटिंगमध्ये चार पायऱ्या उतराव्या लागतात. तोवर आंब्याखालून निघायची वेळ होते. ऐकलंय की नवीन फोनमध्ये आपोआप बदलतं.

अंबडचा_कोडर

हो सर, अँड्रॉइड १४ पासून तशी सोय आहे, २०२३ मध्ये आली. ठरलेल्या सिमचा डेटा बसला की तात्पुरता दुसऱ्यावर जातो. चालू करावी लागते आणि दुसऱ्या सिमवर डेटाचा पॅक हवा. मेकॅनिकभाऊंच्या आयसीयूतलं सिम असेल तर उपयोग नाही.

अजून एक. एका सिमवर बोलत असताना दुसऱ्यावर फोन केला की 'संपर्क क्षेत्राबाहेर' ऐकू येतं, हा अनुभव सगळ्यांना असेल. कारण बहुतेक फोनमध्ये रेडिओ एकच. दोन्ही सिम आळीपाळीने कान लावून बसतात, पण एकाचं बोलणं सुरू झालं की रेडिओ त्याच्याकडे आणि दुसरं मुकं. काही नव्या फोनमध्ये दुसऱ्या सिमचा कॉल पहिल्याच्या इंटरनेटवरून आत येऊ शकतो, तोही कंपनीने सोय दिली असेल तर. पण स्क्रीनवर यातलं काही दिसतं का? बोलताना दुसऱ्या सिमची दांडी खुशाल भरलेली दिसत राहते. माझ्या मते हे खोटं बोलणं आहे. ते सिम आत्ता गप्प आहे, तर गप्प दाखवा.

पंचवटी_पासधारक

बायकोला हे सांगायला हवं. पंधरा वर्षं तिचा समज आहे की मी मुद्दाम बंद ठेवतो.

तर्रीबाज

दुसऱ्या सिमचा विषय निघाला की धागा इथे येणार हे ठाऊकच होतं.

आडगावचा_आबा

अवांतर, पण याच विषयातलं. पैसे पाठवायचं ॲप टाकताना ते विचारतं, बँकेत कोणता नंबर आहे तो निवडा. मग त्या सिमवरून एक मेसेज आपोआप जातो आणि बँक ओळख पटवते. मला खिडकीत दिसलं 'सिम १' आणि 'सिम २', दोघांपुढे कंपनीचं नाव एकच, कारण माझी दोन्ही सिम एकाच कंपनीची. नंबर कुठेच नाही. बँकेचा नंबर कोणत्या खाचेत आहे ते मला काय माहीत? सिम घालून दिली ती दुकानदाराने. अंदाजाने एक दाबलं, 'हा नंबर बँकेशी जोडलेला नाही'. परत दाबलं, तेच. तीनदा झाल्यावर ॲपने उद्या या म्हणून सांगितलं. ड्रायव्हर डिझेलला पैसे मागतोय आणि मी खिळ्याने ट्रे उघडून सिमवरचे आकडे वाचतोय.

नंबरच दाखवायला यांच्या बापाचं काय जातं?

अंबडचा_कोडर

@आडगावचा_आबा, बऱ्याचदा त्यांनाही माहीत नसतो. सिमवर कार्डाचा लांबलचक क्रमांक असतो, पण तुमचा दहा आकडी मोबाइल नंबर सिमवर लिहिलेला असेलच असं नाही. फोनने विचारलं तर अनेकदा कोरं उत्तर येतं. म्हणून बिचारे कंपनीचं नाव दाखवतात.

एमजीरोड_मेकॅनिक

आबा, पुढच्या वेळी खिळा वापरू नका. दर आठवड्याला एक माइक फोडलेला फोन येतो माझ्याकडे. सिमचं भोक समजून शेजारच्या माइकच्या भोकात पिन घालतात.

ट्रेवरून आठवलं. हायब्रिड ट्रे माहीत आहे ना, दुसरं सिम घाला नाहीतर मेमरी कार्ड घाला, दोन्ही नाही. लोकांना दोन्ही पाहिजे. मग सिमची प्लॅस्टिक पाठ तासून नुसती सोनेरी चकती काढायची आणि मेमरी कार्डाच्या पाठीवर चिकटवायची. आम्ही किती केलेत भो, मोजदाद नाही. तेव्हा लोकांनी फोनची खाचच बदलून टाकली, डिझाइनवाल्यांनी बघायला पाहिजे होतं.

आणि २०१६ ला जिओ आलं तेव्हाची रांग आठवते का कुणाला? ते फक्त ४जीवर चालायचं आणि तेव्हाच्या बऱ्याच फोनमध्ये दुसरी खाच २जीचीच होती. लोक यायचे, "रेंज दाखवत नाही, सिम खराब आहे." सिम नाही, खाच चुकली. स्क्रीनवर एवढंच लिहिलं असतं की हे सिम वरच्या खाचेत घाला, तर माझे दोन महिने वाचले असते.

निळी_शाई

@आबा, रात्री साडेअकराची गाडी वाचून हसले, पण विचारही केला. माझ्या आईकडे बघितलं तर तिला 'कोणतं सिम' हा प्रश्नच कळत नाही. ती विचारते, "हा फोन माझ्या नंबरवरून गेला की बाबांच्या?" बाबा जाऊन चार वर्षं झाली. त्यांचं सिम तिने तिच्या फोनमध्ये घातलंय आणि रिचार्ज करत राहते, कारण गॅसपासून सोसायटीपर्यंत सगळीकडे तोच नंबर दिलेला आहे. फोनमध्ये ते 'सिम २' आहे. तिने एकदा मला विचारलं होतं, इथे बाबांचं नाव टाकता येतं का. टाकता येतं, मी टाकून दिलं. आता फोन आला की खाली बारीक अक्षरात बाबांचं नाव येतं.

तेव्हा 'विचारू नका' हे माझं म्हणणं मागे घेते. विचारा, पण कंपनीच्या नावाने विचारू नका.

छपाईवाले_नाना

निळी शाई, प्रतिसाद आवडला.

पंचवटी_पासधारक

+१. तसं नावाची सोय नवी नाही. २०११ च्या सुमारास नोकियाचे दोन सिमचे काही फोन निघाले होते, फोन बंद न करता बाजूच्या फटीतून दुसरं सिम बदलता यायचं आणि पाच सिमपर्यंतची नावं आणि सेटिंगं तो लक्षात ठेवायचा.

कंपनीच्या नावाचं म्हणाल तर माझे वडील अजून 'आयडियाचं कार्ड' म्हणतात. २०११ ला नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय झाली तेव्हाच मी ते दुसरीकडे नेलं. नंतर आयडिया आणि व्होडाफोन मिळून त्यांचंही नाव बदललं. वडिलांचं कार्ड मात्र आयडियाचंच.

शून्य_बॅलन्स

एका माणसाच्या नावावर नऊ सिम घेता येतात म्हणे. नऊ हिरवी बटणं कशी बसवणार ते पण ठरवून ठेवा.

सुरगाण्याचे_सर

नऊ घेतली तरी आंब्याखाली एकच चालेल.

द्राक्षवेल

मंडळी, आठवडाभर गायब होते, सॉरी. पण रिकामी नव्हते.

तुमचे प्रतिसाद छापून ऑफिसात लावले. साहेबांनी नानांची सनई आणि घंटा दोनदा वाचली. मग दोन नमुने केले आणि शनिवारी घरी घेऊन गेले.

पहिल्यात साहेबांचं म्हणणं. ॲप स्वतः सिम ठरवतं, विचारत नाही. दुसऱ्यात, ॲप पहिल्यांदा उघडलं की एकदाच विचारतं, 'तुमच्याकडे किती नंबर आहेत आणि त्यांना घरात काय म्हणता?' बाबांनी लिहिलं 'बाजार' आणि 'घर'. पुढे प्रत्येक माणसासमोर एकच मोठं बटण, त्याच्यावरच लिहिलेलं: 'बाजारवरून फोन लावा'. शेजारी लहान बटण, 'घर'. म्हणजे खिडकी नाही, आबांसारखी दोन बटणं, पण एक थोरलं एक धाकटं. कोण थोरलं ते माणसागणिक ठरतं. बटणांत बोटभर अंतर. रंग एकच ठेवला, पण 'घर' ला घराचं चित्र आणि 'बाजार' ला क्रेटचं. परवानगी मागण्याआधी एक ओळ घातली, 'तुम्ही म्हणाल त्याच नंबरवरून फोन लागावा म्हणून'. ज्यांनी नाही म्हटलं त्यांना नुसता डायलर उघडून देतो.

बाबांना म्हटलं, हात धुऊ नका, तसेच वापरा. पहिल्या नमुन्यात फोन बरोबर सिमवरून गेला, तरी त्यांनी कट केला. का, तर "कोणावरून गेला ते दिसलं नाही, म्हणून कापला." दुसऱ्यात पाच फोन लावले, पाचही बरोबर. एकदा अंगठा दोन्हींच्या मधे पडला, काहीच झालं नाही, ते बघून म्हणाले, "हे बरंय, चुकलं की गप बसतं."

मग आई आली. तिला 'बाजार' हे नावच पटलं नाही. म्हणाली, त्या नंबरवर बँकेचे, सोसायटीचे आणि माझ्या भावाचे फोन येतात, बाजार काय नुसता? दोघांचं अर्धा तास चाललं. शेवटी 'बाजार' चं 'मोठा नंबर' झालं. का मोठा, ते त्यांनाच ठाऊक.

आता अडकलेय ती आयसीयूतल्या सिमवर. संपलेला रिचार्ज ॲपला कळत नाही हे अंबडच्या कोडरांनी सांगितलंय. मग विचार केला, फोन उचलला की नाही तेही आपल्याला कळत नाही, पण ॲपमधून एकाच माणसाला पाठोपाठ तीनदा फोन लावला एवढं तर कळतं. तेव्हा चौथ्यांदा थोरल्या बटणाखाली एक ओळ दाखवायची: 'घरच्या नंबरवरून लावून बघता का?' बाबांच्या फेब्रुवारीतल्या तीन फोनांनंतर ही ओळ दिसली असती तर, असं मनात येतं. त्यांच्या बाबतीत उलटी, 'बाजारवरून'.

अंबडचा_कोडर

तीनदाची कल्पना चांगली आहे. दुसऱ्या सिमला रेंज नसेल तेव्हा मात्र ती ओळ दाखवू नका, तेवढं ॲपला कळतं. आणि बटणाचं नाव त्या सिमच्या क्रमांकाला बांधा, खाचेला नको.

द्राक्षवेल

बांधलंय. तुमच्या नोकरीची गोष्ट वाचूनच.

आडगावचा_आबा

थोरलं-धाकटं चांगलं आहे. पण माझ्यासाठी दोन्ही थोरली करता येतील का? वाद नको घरात.

छपाईवाले_नाना

द्राक्षवेल, येणारा फोन मात्र राहिला.

द्राक्षवेल

राहिला नाना, खरंय. येणाऱ्या फोनचा स्क्रीन फोन कंपनीचा, आमच्या ॲपच्या हातात नाही. पण बाबाही तेच म्हणाले. मोठ्या नंबरवर आला तर ते "बोला शेठ" म्हणतात आणि घरच्यावर आला तर नुसतं "हां". परवा बँकेच्या साहेबाला "हां, काय गं" म्हणून बसले.

एमजीरोड_मेकॅनिक

ताई, आमच्याकडे दहा-बारा जुने हँडसेट पडलेत, वेगवेगळ्या कंपन्यांचे, सगळे दोन सिमचे. तुमचं ॲप त्याच्यात टाकून बघा, खरा खेळ तिथे कळेल. दुपारी दोन ते चार गर्दी नसते. नाना, तुम्ही पण त्याच वेळी या, घंटेचं काम आहेच.

द्राक्षवेल

येते. मंगळवारी चालेल? सोमवारी आमचा शेवटचा प्लॉट तुटतोय.

शून्य_बॅलन्स

मंगळवारी मिसळ मेकॅनिककडून असं धरून चालतो.

एमजीरोड_मेकॅनिक

चहा.

छपाईवाले_नाना

मंगळवारी दोनला पोहोचतो. निघताना फोन करतो. द्राक्षवेल, कोणत्या नंबरवर करू?

द्राक्षवेल

नाना, माझ्याकडे एकच सिम आहे.

तर्रीबाज

😂😂😂